पाच तारी जुना बँजो, नाव कुठेच नाही: कुणाचा, केव्हाचा?

पंचतारा

आधी एक खुलासा. इथे बँजो म्हणजे गोल, कातडं मढवलेला, अमेरिकी धाटणीचा. कळा दाबून वाजवायचा, जपानी तायशोगोतो वाद्याच्या कुळातला जो बँजो आपल्याकडे जास्त माहीत आहे, तो नव्हे.

वाद्यावर नाव, चिठ्ठी, शिक्का काही नाही. जे मोजता आलं ते देतो.

कड्याचा बाहेरचा व्यास पावणेअकरा इंच. कड्याला बाहेरून जर्मन सिल्व्हरसारखा पत्रा आहे, वरच्या आणि खालच्या कडेला तो गोल वळवून आत घेतलाय. आतून साधं लाकूड दिसतं. मागे झाकण म्हणजे रेझोनेटर नाही. कातडं ताणून धरणारे हुक २८, त्यातल्या २६ हुकांच्या चाव्यांना टोकाशी गोळी आहे, २ साध्या षटकोनी आहेत. मेरूपासून (वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत नेमके १३ इंच. पट्टी काळी, पडदे २०, पाचव्या पडद्यावर शिंपल्याचा तारा, बाकी ठिपके. चार खुंट्या काळ्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या. पाचवी खुंटी पांढरट, हस्तिदंती असावी असं वाटतं.

कड्याच्या आतून आरपार जाणाऱ्या लाकडी दांडीवर चार आकडी ठसा आहे. त्याच दांडीवर साधारण ३ बाय दीड सेंटिमीटरचा एक चौकोन आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो, चार कोपऱ्यांत टाचणीएवढी भोकं. तारदानावर (खालच्या टोकाला तारा अडकवायचा तुकडा) ‘पेटंट’ आणि ‘४ जानेवारी १८८’ एवढं वाचता येतं, शेवटचा आकडा घासला गेलाय. कातडं खरं कातडं नाही, पांढरं प्लास्टिक आहे. तारा पोलादी.

कुणी बनवला, केव्हा, आणि पुढे शोध कुठे घ्यायचा? शिवाय पत्रा काळवंडलाय, तो पुसून काढू का?

---

सुतारपक्षी

पत्रा पुसू नका. आधी पोलादी तारा सैल करा. हे काम आजच करा, बाकी सगळं नंतर.

कारण असं की या घडणीच्या नेकमध्ये, म्हणजे वाद्याच्या मानेत, लोखंडी सळई नसते. फिरवून नेक सरळ करायची सळई गिब्सन या अमेरिकी कंपनीने वापरात आणली, तिचं पेटंट १९२३चं. त्याआधीचे बहुतेक पाच तारी बँजो आतड्याच्या तारांसाठी बनले. त्यांच्यावर पोलादी तारांचा ताण वर्षानुवर्षं राहिला की नेक पुढे वाकते, टाच (नेकचं कड्याला टेकणारं टोक) कड्यापासून सुटते आणि वरच्या पडद्यांवर तार अर्धा इंच उंच दिसायला लागते. मग लोक घोडी कापून बुटकी करतात. आजार नेकचा, औषध घोडीला.

तारा उतरवल्यावर वाद्य उघडून बघा, पण क्रमाने. घाईत नेक ओढून काढताना टाचेत बसवलेली दांडी उखडते, आणि हे जुन्या बँजोचं सगळ्यात नेहमीचं मोडणं आहे.

१. प्रत्येक हुकाला कागदी चिकटपट्टीवर नंबर द्या, तारदानापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने. दोन वेगळे हुक कोणत्या जागी आहेत तेही टिपा.
२. चाव्या समोरासमोरच्या जोडीने अर्धा अर्धा फेरा सोडा. एका बाजूने सोडत गेलात तर कातडं दाबून धरणारी पातळ पितळी कडी तिरकी होते आणि कायमची वाकते.
३. टाचेजवळ दांडीला आवळणारी पाचर किंवा स्क्रूची पकड असते. ती पूर्ण सैल झाल्याशिवाय नेकला हात लावायचा नाही.
४. नेक निघाली की चार जागांचे फोटो काढा: दांडीचं शेपटाकडचं टोक, टाचेचा कड्याला टेकणारा भाग, कड्यातलं दांडीचं चौकोनी भोक, आणि कड्याची आतली बाजू सगळीकडून.

फोटो काढताना दिवा समोरून नको, अगदी बाजूने, लाकडाला घासून जाईल असा धरा. पेन्सिलीच्या खुणा आणि बुजवलेली भोकं अशीच दिसतात.

पावणेअकरा इंच व्यासाला घेर साधारण ८५.८ सेंमी येतो. २८ने भागलं की दोन हुकांमध्ये ३.०६ सेंमी. फूटपट्टी नको, कागदाची पट्टी कड्याभोवती गुंडाळून प्रत्येक हुकाची खूण करा आणि मग मोजा. अंतर सगळीकडे सारखं आलं तर हुकांची संख्या मूळचीच २८. कुठे सहा सेंमीची दरी निघाली तर तिथला हुक गेलाय आणि भोक बुजवलंय.

---

जुना_कागद

मोजमापं नीट दिल्याबद्दल आधी आभार. ‘जुना आहे, किती जुना?’ एवढ्यावर धागे निघतात, त्यांना उत्तर काय देणार.

पत्र्याची कडा वळवून लाकडाच्या कड्यावर चढवायची ही पद्धत १८८० ते १९००च्या आसपास अमेरिकेत जोरात होती. कड्यात जर्मन सिल्व्हर बाहेर, मेपल आत. तेव्हा तुमचं वाद्य ढोबळमानाने त्याच खिडकीत बसतं. त्याआधीचे बँजो दिसायलाच वेगळे. १८४०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम बाउचर नावाचा ढोल बनवणारा कारागीर बँजो करत होता, त्याचे नमुने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. त्यांत कडं रुंद, आवळायचे हुक मोजके, पट्टीवर पडदेच नाहीत. साध्या घरगुती बँजोंवर तर चुका मारूनच कातडं ठोकलेलं असे. पडदे सर्रास आले ते १८७०च्या दशकानंतर. त्यामुळे ‘पडदे आहेत पण १८५०चा’ असा दावा दिसला की पडदे नंतर बसवलेत का ते आधी बघायचं.

नावं कोणाची येऊ शकतात? फिलाडेल्फियात एस. एस. स्टुअर्ट, धंदा १८७८पासून, मृत्यू १८९८. बोस्टनमध्ये फेअरबँक्स आणि कोल, भागीदारी १८८० ते १८९०, मग दोघांचे वेगळे कारखाने. न्यूयॉर्कमध्ये डॉब्सन बंधू, आणि बकबी. शिकागोत लायन अँड हीली. स्टुअर्ट आणि फेअरबँक्स नावाच्या बाबतीत अजिबात लाजरे नव्हते, दांडीवर ठसठशीत शिक्का मारत. तुमच्या दांडीवर तो नाही म्हणजे हे दोघं जवळजवळ बाद.

उरतो तो बकबी. जे. एच. बकबीचा न्यूयॉर्कचा कारखाना दुसऱ्यांसाठी माल बनवायचा. नाव दुकानदाराचं, घडण बकबीची. १८९७मध्ये तो कारखाना रेटबर्ग आणि लांग यांनी घेतला. बिननावाचा, कडा वळवलेल्या पत्र्याचा बँजो दिसला की पहिला संशय तिथेच जातो.

तारदानावरच्या तारखेची गंमत सांगतो. अमेरिकेत पेटंट मंगळवारी दिली जातात, त्या काळीही तसंच होतं. १८८०च्या दशकात ४ जानेवारीला मंगळवार दोनदाच आला, १८८१ आणि १८८७. म्हणजे घासलेला आकडा १ किंवा ७. भिंगातून बघा, इंग्रजी ७ची आडवी रेघ खोल असते, बहुधा काहीतरी उरलेलं असेल.

---

मेरुदंड

मंगळवारचा हिशोब झकास. वाचनखूण साठवली.

पण ‘बिननावाचा म्हणजे बकबी’ हे मला मान्य नाही. ही सवयच झाली आहे लोकांना. दुकानदारांसाठी माल बनवणारे एकटे बकबीच नव्हते, आणि दांडीवर आकडा आहे एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. घडणारा ओळखायचा तर टाच बघा. टाचेचा उतार, शेवटची खाच, कड्याला टेकताना तिने घेतलेलं वळण हे साच्यावर काढलेलं असे आणि एका कारखान्यात वर्षानुवर्षं तोच साचा चाले. शिरोभागाची बाह्यरेषा त्या मानाने कमी विश्वासाची, कारण दुकानदार मागेल तसा आकार कापून मिळायचा. शिंपल्याचे तारे-ठिपके तर तयार विकत मिळत, त्यावरून कारखाना ठरवू नका.

टाचेचा कागदावर ठसा घ्या: वाद्य आडवं ठेवून टाचेमागे पांढरा कागद उभा धरा, लांबून एकाच टॉर्चचा उजेड सोडा आणि सावलीची रेघ पेन्सिलीने ओढा. मग ती रेघ नाव असलेल्या वाद्यांच्या फोटोंशी ताडा. फोटो अगदी बाजूने काढलेला हवा. जरा तिरका असला की उतार खोटा दिसतो.

आणि तो उजळ चौकोन सोडू नका. तिथे धातूची पाटी होती. दुकानदाराचीच असण्याचा संभव जास्त, कारण घडणारा दांडीत थेट ठसा मारू शकत होता, तयार माल घेणाऱ्याला मात्र वरून पाटी ठोकणं सोपं. चारही भोकं कडेपासून किती आत आहेत ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजून ठेवा. पुढेमागे त्याच मापाच्या पाटीचा दुसरा बँजो दिसला तर धागा जुळेल.

तारखेबद्दल शेवटचं: पेटंटची तारीख फक्त एवढंच सांगते की ती वस्तू त्याआधीची नाही. चाललेलं तारदान पुढे वीस-तीस वर्षं त्याच ठशाने निघत राही. आणि ते वाद्याबरोबरचंच आहे हे कोणी सांगितलं? दोन हुक बदललेत, कातडं बदललंय. सगळ्यात सहज बदलणारा भाग तर तारदान.

---

चर्मवाद्य

कातड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. प्लास्टिकचं पान १९५०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं, त्याआधी सगळीकडे वासराचं कातडं. म्हणजे तुमचं वाद्य त्यानंतर एकदा तरी उघडलं गेलंय. वेगळे हुक कदाचित त्याच वेळचे. फुलीच्या खाचेचे स्क्रू कुठे आहेत का बघा, ते १९३०च्या दशकाच्या मधल्या वर्षांपासूनचे. जिथे तो स्क्रू, तिथे नंतरचा हात.

परत कातडं मढवायचं असेल तर गार पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवायचं, लोण्यासारखं मऊ झालं पाहिजे. तारेच्या कड्याभोवती गुंडाळून वर कडी दाबायची, हुक फक्त बोटाने लागतील एवढेच. ओलं असताना आवळायचं नाही, सगळे इथेच चुकतात. वाळताना कातडं स्वतःच आक्रसतं, आधीच ताणलेलं असेल तर रात्रीत फाटतं. पूर्ण एक दिवस सावलीत, पंखा आणि ऊन दोन्ही नको. मग पाव पाव फेरा रोज, चार-पाच दिवस. उरलेली कड धारदार पात्याने शेवटी कापा, आधी नाही.

दमट हवेत सैल पडतं, कोरड्या हवेत तडतडतं. हवा कोरडी होत आली की आधीच अर्धा फेरा सोडायचा.

---

गोळीबंद

थोडं अवांतर. चार तारांचा, १९ पडद्यांचा, मागे झाकण असलेला बँजो आहे. शिरोभागावर गिब्सन. हाही त्याच काळचा का?

---

जुना_कागद

@गोळीबंद, नाही, तुमचा पुढच्या पिढीतला. तो टेनर. १७ किंवा १९ पडदे, व्हायोलाप्रमाणे पाचव्या स्वराच्या अंतराने तारा. १९१०नंतर नाचाच्या वाद्यवृंदांसाठी त्याची चलती झाली. गिब्सन बँजोत उतरली १९१८ला, त्यांचं मास्टरटोन हे मॉडेल १९२५ला. कड्याच्या आत शाईने लिहिलेला किंवा ठसवलेला कारखान्याच्या ऑर्डरचा नंबर शोधा, झाकणाच्या आतही तोच हवा. मॉडेलच्या अक्षरांत टीबी म्हणजे टेनर, पीबी म्हणजे चार लांब तारांचा प्लेक्ट्रम, आरबी म्हणजे पाच तारी. जुन्या गिब्सनचे पाच तारी थोडेच निघाले आणि नंतर ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या वादकांनी त्यांना भाव आणला, म्हणून टेनरच्या जुन्या गोलावर नवी पाच तारी नेक चढवलेले नग पुष्कळ. वाजवायला उत्तम असतात, पण आख्खे मूळचे म्हणून घेऊ नयेत. तुमच्या आतून लाकडी दांडीऐवजी लोखंडी सळ्या जात असतील तर तो १९२०च्या दशकातला किंवा त्यापुढचा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

---

खुंटीवाला

नवख्यांसाठी एक फसवी ओळख टाकतो. तारा पाच पण शिरोभागावर खुंट्या सहा, गिटारसारख्या तीन-तीन, आणि पाचवी तार पट्टीखालच्या नळीतून येते: हा इंग्लंडचा झिदर बँजो. लंडनच्या आल्फ्रेड कॅमायरने तो गाजवला. सहावी खुंटी हरवलेल्या तारेची नव्हे, गिटारच्या चाव्यांचा तयार संच वापरायचा म्हणून ती आलेली असते. लोक उगाच सहावं भोक पाडून मोकळे होतात.

@पंचतारा, पाचवी खुंटी हस्तिदंती आहे का हे भिंगातून कळेल. आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. काळपट बारीक ठिपके किंवा रेघोट्या असतील तर हाड. काहीच नसेल आणि अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा, सेल्युलॉइड भडकन पेटतं. हस्तिदंत निघालं तर वाद्य देशाबाहेर नेण्याआधी साइट्सचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम बघायलाच हवेत. ब्राझिलियन रोझवूडचंही तेच, ते १९९२पासून त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे.

---

पंचतारा

सगळं उघडलं. आढळलं ते असं.

हुकांची अंतरं सगळीकडे तीन सेंमीच्या आसपास, कुठेही दरी नाही. दोन वेगळे हुक शेजारी शेजारी, तारदानाच्या डाव्या बाजूला.

टाचेच्या कड्याला टेकणाऱ्या भागावर पेन्सिलीने १७. कड्याच्या आत, प्लास्टिकच्या पानाखाली झाकला गेलेला, तोही १७. दोन्हींतल्या सातच्या पोटात आडवी काट मारलेली. दांडीवरचा चार आकडी ठसा मात्र इतर कुठेच नाही.

तारदान काढल्यावर पत्र्यावर सावली दिसली, पण तिचा आकार तारदानाचा नाही. वरून अरुंद, खाली पसरलेली. आणि आताच्या तारदानाचा स्क्रू जिथे बसतो त्या दांडीच्या टोकाला दोन भोकं आहेत, एक रिकामं, काठीने बुजवलेलं.

शिरोभागाच्या मागे स्क्रूची भोकं नाहीत. पाचवी खुंटी: काळपट रेघोट्या, म्हणजे हाड. पडदे काढून बघितले नाहीत. फुलीचा स्क्रू एकही नाही.

---

मेरुदंड

उत्तम. तारदान साक्षीदारांच्या यादीतून बाहेर. १८८१ असो की १८८७, ते या वाद्यावर नंतर आलंय. सावलीचा आकार ट्रेसिंग कागदावर उतरवून ठेवा, मूळ तारदान कसं होतं याचा तोच एकमेव पुरावा आहे. पत्रा पुसायचा विचार होता ना? पुसला असता तर तोही गेला असता.

१७ आणि १७ ही सगळ्यात चांगली बातमी. तो अनुक्रमांक नव्हे, जुळणीचा नंबर. टाच कड्याला नेमकी बसावी म्हणून कारागीर एकेक जोडी हाताने तासून जुळवत असे आणि पॉलिशला देताना जोड्या मिसळू नयेत म्हणून दोन्हीकडे तोच आकडा टाके. दोन्ही सातांची काट सारखी, म्हणजे हात एकच, तेव्हा नेक आणि कडं जन्मापासून एकत्र आहेत. तुमच्या हातात आहे ते एक वाद्य आहे, दोन अर्ध्या वाद्यांची जोड नाही.

पडदे काढू नका. पट्टीच्या कडेने भिंगातून बघा. आधी पडदे नसलेल्या पट्टीवर नंतर बसवले असतील तर शिंपल्याचे ठिपके पडद्यांच्या बरोबर मध्ये येत नाहीत, किंवा पडद्याची खाच एखाद्या ठिपक्याला कापून जाते. तुमचा तारा पाचव्या पडद्याच्या घरात बरोबर मध्ये आहे का?

---

पंचतारा

बरोबर मध्ये. ठिपकेही. एकही कापलेला नाही.

---

जुना_कागद

म्हणजे पडदे मूळचेच.

@मेरुदंड, बकबीचं मी मागे घेतो, निदान टाचेची रेघ ताडेपर्यंत. आता एवढं खात्रीने लिहिता येईल: अमेरिकी, पाच तारी, १८८० ते १९००च्या आसपासचा, बहुधा दुसऱ्याच्या पाटीने विकलेला, नेक आणि कडं मूळचं, तारदान, कातडं, तारा आणि दोन हुक नंतरचे. कुणाचा या रकान्यात ‘अनामिक’. हे लिहायला लोकांना जड जातं, म्हणून बाजारात अर्धे बिननावाचे बँजो ‘स्टुअर्टच्या पद्धतीचे’ होऊन बसलेत.

पुढचा शोध पाटीचा. स्टुअर्टचं स्वतःचं मासिक निघायचं, त्याचे अंक रॉचेस्टर विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयाने स्कॅन करून खुले ठेवलेत. त्यातले लेख सोडा, जाहिराती वाचा. कोणते शिक्षक आणि दुकानदार स्वतःच्या नावाने बँजो विकत होते, कोणत्या गावात, कोणत्या चित्रासह, ते तिथे सापडतं. चित्रं लाकडी ठशांची असल्याने टाचेचा आकार ढोबळ येतो, पण तारदानाचा बऱ्यापैकी नीट दिसतो. तुमची वरून अरुंद, खाली पसरलेली सावली तिथेच जुळवा. पेटंटची चित्रंही बघा: तारखेवरून त्या आठवड्याची सगळी पेटंटं चाळता येतात आणि वाद्यांची फार नसतात.

एक सावधगिरी. जाहिरातींत आणि त्यांवरून लिहिलेल्या इतिहासात पाचवी तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीने शोधली असं छातीठोकपणे लिहिलेलं सापडेल. स्वीनीने बँजो रंगमंचावर गाजवला हे खरं. पण त्याचा जन्म १८१०चा, आणि साउथ कॅरोलिनातल्या जॉन रोजच्या १७८०च्या दशकातल्या चित्रात गुलाम वादकाच्या हातातल्या भोपळ्याच्या बँजोवर अंगठ्याने वाजवायची आखूड तार स्पष्ट दिसते. हॅन्स स्लोन या ब्रिटिश डॉक्टरने जमैकात १६८७च्या भेटीत पाहिलेल्या वाद्यांचं चित्र १७०७ला छापलं, तेही भोपळ्याचंच. वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचं. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगाम्बियाच्या जोला लोकांच्या अकोंटिंग या वाद्यावर ती आखूड तार आजही आहे. एकोणिसाव्या शतकातले विक्रेते हे सांगत नाहीत, त्यांना ते सांगायचंच नव्हतं. तेव्हा त्यांच्या कागदांवर किमती आणि चित्रांपुरता विश्वास ठेवा.

---

पंचतारा

सगळ्या नोंदी करून ठेवतो. टाचेची रेघ आणि सावलीचा ठसा दोन्ही स्कॅन करून इथेच टाकीन. तारा कोणत्या लावू?

---

सुतारपक्षी

आतड्याच्या किंवा त्यासारख्या कृत्रिम. पहिली आणि पाचवी ०.४५ मिमीच्या आसपास, दुसरी जराशी जाड, तिसरी ०.६ मिमीपर्यंत, चौथी गुंडाळलेली. मेरूच्या खाचा पोलादी तारांसाठी अरुंद कापलेल्या असतील, त्यात जाड तार अडकून टकटक उडते. खाच सुईच्या कानशीने रुंद करा, खोल नको. काळ्या खुंट्या निसटत असतील तर डिंक किंवा गोंद लावू नका, थोडी खडूची पूड पुरते.

साफसफाई म्हणाल तर लाकडावर कोरडं मऊ कापड, पट्टीवर पडद्यांच्या कडेने वाळलेली घाण लाकडी दातकोरणीने. पॉलिश कशाचं आहे हे बघायचं असेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा, लाखेचं पॉलिश नारिंगी उजळतं. लाख असेल तर स्पिरिट असलेलं कोणतंही क्लीनर लावायचं नाही, बोट फिरवाल तिथे ते विरघळून निघेल. आणि त्या उजळ चौकोनावर शोभेसाठी नवी पाटी ठोकायचा मोह होईल. भोकं मोकळीच असू देत.

तारा चढवताना आधी दोन दिवस अर्ध्या ताणावर ठेवा, मग सुरात आणा. घोडी बाराव्या पडद्यापासून १३ इंचांवर धरून सुरुवात करा, मग प्रत्येक तारेचा बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी ताडा. तार दाबली की ताणली जाते, म्हणून दाबलेला सूर चढा येतो. चढा आला तर घोडी तारदानाकडे मिलिमीटरभर सरकवा, उतरा आला तर उलट. चौथ्या तारेला पहिलीपेक्षा थोडी जास्त लागेल, म्हणून घोडी किंचित तिरकी बसली तरी ती बरोबरच आहे. जागा पक्की झाली की घोडीच्या पायांशी पेन्सिलीने बारीक खूण करा. हवा बदलून कातडं सैल पडलं की घोडी हमखास सरकते.